शिक्षकाचा उत्साह व गावाचे कर्तव्य

शाळेची इमारत कितीही भक्कम असली, तरी तिची खरी योग्यता शिक्षकाच्या उत्साहावर अवलंबून असते. तो उत्साह कशाने टिकतो, हा प्रश्न आमच्या पुणे जिल्ह्यास नवा नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात याचा फार बारकाईने विचार केलेला आढळतो. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली होती. तेव्हा त्यांचे म्हणणे अनुभवाचे होते.

त्या काळी प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षकांना अध्यापनाचे शिक्षण मिळालेले नसे व त्यांचा पगार क्वचितच दहा रुपयांहून अधिक असे. शिक्षण घेतलेल्या शिक्षकास निदान बारा रुपये व मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये द्यावेत, अशी जोतीरावांची मागणी होती. परंतु ते पगारापाशीच थांबले नाहीत. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल पाहणे अशी कामे शिक्षकाकडे सोपविल्यास गावात त्याचा मान वाढेल, असे त्यांनी सुचविले. अधिकाऱ्याने वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही. दर तिमाहीस तपासणी व्हावी, शिवाय मधूनमधून पूर्वसूचनेवाचूनही शाळा पाहावी, असेही त्यांनी लिहिले. याचे कारण उघड आहे: वर्षातून एकदाच येणाऱ्यासाठी शाळा एकच दिवस सजते, वारंवार येणाऱ्यास शिक्षकाचे रोजचे कष्टही दिसतात व अडचणीही.

मांडवगण फराटा ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील वाबळेवाडीस या विचाराचा प्रत्यय आला. तेथील जिल्हा परिषदेच्या लहानशा शाळेत २०१२ साली दत्तात्रय वारे गुरुजी आले. त्यांच्या पुढाकारास ग्रामस्थांनी भरघोस साथ दिली, आणि शाळा महाराष्ट्रभर नावाजली गेली. पुढारी शिक्षक व पाठीशी उभे राहणारे गाव, ही दोन्ही एकत्र आल्यावाचून हे घडते ना.

आमच्या धर्मग्रामातील वाचकहो, आपली मुले ज्यांच्या हाती आपण सोपवितो, त्या गुरुजींची व बाईंची विचारपूस आपण केवळ निकालाच्या दिवशीच करतो काय? या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक पालकाने दर तिमाहीस एकदा तरी शाळेची पायरी चढावी, तक्रार घेऊन नव्हे, तर सहकार्याचा हात घेऊन, अशी आमची नम्र विनंती आहे.