किल्लेदाराचा गुरुवार

मागील दिवाळीत आष्टीस (तालुका परतूर, जिल्हा जालना) नातलगांकडे आमचा मुक्काम असताना पुण्याहून आलेल्या भाच्याने ओसरीवर एक खेळ मांडला. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिली आणि निरनिराळ्या पैलूंचे फासे. एकाने सूत्रधार होऊन प्रसंग सांगायचा, इतरांनी आपापल्या पात्राच्या वतीने बोलायचे, आणि निकाल फाशाने द्यायचा. पात्र घडवताना आधी त्याचा पेशा ठरतो: योद्धा, मांत्रिक, धर्मोपासक, चोर. शेजारच्या मुलास योद्धाही व्हायचे होते आणि उपासकही. भाचा म्हणाला, "होता येईल, पण किंमत पडेल." त्यावर झोपाळ्यावरून आजोबांनी विचारले, "मग जनार्दनस्वामींना काय किंमत पडली होती रे?"

प्रश्न थट्टेचा होता. आम्हांस मात्र तो सोडेना.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात योद्धा, मांत्रिक व धर्मोपासक असे तीनच पेशे होते. (त्यातला धर्मोपासकही चिलखत घालून लढणारा, फक्त धारेचे शस्त्र त्यास वर्ज्य, म्हणजे मिश्रण मुळातच शिरलेले होते.) एल्फ या काल्पनिक जमातीस एक सवलत होती: एका मोहिमेत योद्धा, दुसरीत मांत्रिक. मोहीम चालू असताना मात्र बदल नाही. शिवाय योद्धा म्हणून त्याची मजल चौथ्या पातळीपर्यंत आणि मांत्रिक म्हणून आठव्यापर्यंतच. माणसास अशी मर्यादा नव्हती.

१९७८ च्या नियमपुस्तकाने ही व्यवस्था अधिक काटेकोर केली. एल्फ, ड्वार्फ इत्यादींना दोन-तीन पेशे एकाच वेळी चालवता येत, पण मिळालेले अनुभवगुण त्यांत समान वाटले जात, आणि बहुतेक पेशांत जन्मजात कमाल पातळी ठरलेली असे. माणसास पहिला पेशा सोडूनच दुसरा धरता येई. नव्या पेशात तो जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली, की त्या मोहिमेचे अनुभवगुण बुडाले! भाट व्हायचे तर आधी योद्धा, मग चोर, आणि त्यानंतर ड्रुइडांकडे शिक्षण. हे नियम वाचताना एखाद्या जुन्या वतनी गावाचा कागद वाचतो आहोत असे वाटते. काय करता येईल हे जन्म ठरवतो, आणि कोठवर जाता येईल हेही जन्मच ठरवतो.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. जनार्दनस्वामी हे सोळाव्या शतकातील देवगिरीचे किल्लेदार, निजामशाहीचे चाकर, दत्तोपासक आणि संत एकनाथांचे गुरू. परंपरा सांगते की त्यांच्या उपासनेसाठी गुरुवारी किल्ल्यावरील कामकाज बंद राही. ही एल्फाचीच युक्ती झाली: वार बदलला की पेसा नव्हे, तर अवघा माणूस बदलायचा. एकदा स्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला, तेव्हा शिष्य एकनाथांनी गुरूंचे चिलखत चढवून सैन्य चालवले, शत्रू परतवला आणि चिलखत पुन्हा जागेवर ठेवले, अशीही कथा आहे. आणि तिसरी तर घरोघर ठाऊक असलेली: हिशेबात एका पैची चूक राहिली म्हणून नाथ रात्रभर जागले, ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली. हेच चित्त परमार्थाकडे लाव, असे गुरूंनी सांगितले.

या कथा इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. समाजाने काय शक्य मानले होते, याचा पुरावा म्हणून त्या घ्याव्यात. तिसरी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. गुरुवारी पेसे आळीपाळीने येतात, चिलखताच्या कथेत एक दुसऱ्याची जागा घेतो. हिशेबाच्या कथेत मात्र कारकुनाची विद्या जशीच्या तशी साधकाची विद्या होते. तेरच्या गोरोबाकाकांचेही तेच. मडके कच्चे की पक्के हे पाहण्याचे थापटणे त्यांनी संतांच्या डोक्यांवर चालवले आणि नामदेवांस कच्चे ठरवले. कुंभारकाम सोडून ते परीक्षक झाले नव्हते. कुंभार होते म्हणूनच झाले. अनुभवगुणांची वाटणी करणाऱ्या नियमात या गोष्टीला जागा नाही.

परंतु येथेच थांबलो तर आपण आपल्याला फार स्वस्तात सोडले असे होईल. चोखोबाही संतच होते. तरी त्यांना मंदिराबाहेर राहावे लागले, आणि मंगळवेढ्यास गावकुसाच्या वेठीवर असताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. किल्लेदारासाठी किल्ल्याचे काम थांबे. चोखोबांसाठी वेठ थांबली नाही. किंमत दोघांच्या पेशांची नव्हती, जन्माची होती. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

खेळाने जन्माची कमाल पातळी २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत काढून टाकली. कोणासही कोणताही पेसा जोडता येऊ लागला, तरी जमातीनुसार 'आवडता पेसा' उरलाच, आणि पेशांच्या पातळ्यांत फार अंतर पडले तर अनुभवगुणांत वीस टक्के कपात होई. २०१४ पासून अट निराळी आहे: दोन्ही पेशांस लागणारा मुख्य गुण किमान तेरा हवा, मग पात्र कोणत्याही जमातीचे असो.

ओसरीवरील मुलाच्या पात्राचे बळ पंधरा होते, शहाणपण बारा. एक कमी पडला. भाचा नियमावर अडून राहिला, आजोबा नियमाला हसले, आणि मुलगा योद्धाच राहिला. तिसऱ्या रात्री त्याचा कागद आमच्या हाती आला, तेव्हा पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने लिहिलेले दिसले: दर गुरुवारी सुट्टी.