करिबाचं पाणी

आमच्या हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की बुडालेल्या हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं. लोक गाड्या करून बघायला जातात. मीही गेले होते, चपात्या-चटणी बांधून घेऊन. काठावर डबा उघडला आणि मनात आलं, आपण सहलीला आलोय ते कुणाच्या तरी अंगणात. तेव्हापासून बुडीत गावांविषयी मिळेल ते वाचते. आफ्रिकेतलं करिबा असंच वाचनात आलं.

झांबेझी नदी आज झांबिया आणि झिंबाब्वे या देशांची सीमा आहे. तेव्हा दोन्ही तीरांवर इंग्रजी अंमल होता, उत्तर आणि दक्षिण ऱ्होडेशिया. उत्तरेत तांब्याच्या खाणी, दक्षिणेत कारखाने, दोघांनाही वीज हवी. १९५५ मध्ये करिबाच्या घळीत धरणाचं काम सुरू झालं. जागतिक बँकेने ८ कोटी डॉलर कर्ज दिलं. खोऱ्यातले टोंगा लोक म्हणत, न्यामिन्यामी हे होऊ देणार नाही. न्यामिन्यामी म्हणजे त्यांचा नदीचा देव, अंग सापाचं नि तोंड माशाचं. १९५७ आणि १९५८, लागोपाठ दोन वर्षं असे पूर आले की बांधलेलं वाहून गेलं. तरी डिसेंबर १९५८ मध्ये नदी अडलीच.

पाणी चढू लागलं तशा टेकड्यांची बेटं झाली आणि त्यांवर जनावरं अडकली. रूपर्ट फॉदरगिल नावाच्या अधिकाऱ्याने मोजकी माणसं नि होड्या घेऊन ती काढायला सुरुवात केली. याला ‘ऑपरेशन नोहा’ म्हणतात. दोराने जनावरांची कातडी सोलायची, म्हणून बायकांकडे जुने नायलॉनचे लांब मोजे मागितले. ते वेणीसारखे विणून मऊ दोर केले. गेंडे तराफ्यांवर चढवून नेले. पाचेक वर्षांत सहा हजारांवर जीव वाचले, त्यातले पुष्कळ दक्षिण काठावरच्या मातुसाडोनाच्या रानात सोडले. पाणीसुद्धा गाळून प्यायच्या घरात मी वाढले. मोज्यांची ही गोष्ट मी जेवणं राहू देऊन घरात सगळ्यांना वाचून दाखवली.

पुढचं पान मात्र मोठ्याने वाचवेना. त्याच पाण्यासाठी ५७ हजार टोंगा माणसं उठवली होती. नदीकाठची काळी जमीन गेली, पूर्वजांची थडगी गेली, लॉऱ्यांत घालून त्यांना कोरड्या माळावर नेऊन सोडलं. चिपेपो या मुखियाच्या लोकांनी हलायला नकार दिला, तेव्हा सप्टेंबर १९५८ मध्ये पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण मेले. जनावरांच्या सुटकेला बायबलातलं नाव मिळालं, यांच्या उठण्याला कसलं नावही नाही. फॉदरगिलच्या नावाचं बेट आहे. माणूस भला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

वीज खाणींना गेली. उठवलेल्या कितीतरी गावांत पुढे अनेक दशकं दिवा लागला नाही, तारा डोक्यावरून जायच्या.

सरोवर मात्र मोठं झालं, पाच हजार चौरस किलोमीटरहून जास्त. १९६३ मध्ये तिथे भूकंप झाला. आमच्याकडचा कोयनेचा १९६७ चा. पाण्याच्या भाराने जमीन हलते, त्याची उदाहरणं देताना ही दोन नावं शेजारी-शेजारी येतात. मातुसाडोना १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. पर्यटक हाऊसबोटीतून हत्ती बघतात, न्यामिन्यामी कोरलेल्या काठ्या घेऊन घरी जातात.

पण हा सगळा संसार पावसावर उभा आहे, आणि पाऊसच बेभरवशाचा झाला. २०२२ च्या अखेरीस वीज करायला जेमतेम पाच टक्के पाणी उरलं. २०२४ च्या दुष्काळात झांबियाने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. दिवसातले बहुतेक तास वीज नसायची. ऐपतवाल्यांनी सोलर बसवलं, बाकीच्या बायका लोणारी कोळशावर रांधू लागल्या आणि त्या कोळशासाठी झाडं पडू लागली. त्याच वर्षी झिंबाब्वेने भुकेल्या लोकांना मांस द्यायला २०० हत्ती मारायचं ठरवलं. हे मी दोनदा वाचलं. हत्ती मारू नयेत असं मला वाटतं, पण माझ्या डब्यात पीठ आहे.

टोंगा म्हणतात, धरणाने न्यामिन्यामीची बायको पलीकडे अडकली, तो अजून तिच्याकडे जायला धडपडतो, म्हणून जमीन हलते.