ओलावा न धरणारा पाइप: निवडण्यापूर्वी वाचा

पाइप ओढताना गुरगुर होते, जिभेवर कडू पाणी येते. हे पाणी म्हणजे तंबाखू जळताना निघणारी वाफ आणि थोडी लाळ. अंधेरी-बोरिवलीच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली तंबाखू आणखी सर्दावते. म्हणून काही पाइपमध्ये हे पाणी साठण्यासाठी वेगळी खोबण असते, तर काहींत ९ मिमीचा फिल्टर बसतो.

त्याने चव सुधारते. कर्करोगापासून संरक्षण मात्र मिळत नाही. चिलमीच्या ओल्या छापीने धूर ‘गाळला’ जातो, हा समजही त्याच जातीचा.

“मी धूर छातीत घेत नाही,” असे पाइप ओढणारे हमखास सांगतात. पण पाइपचा धूर बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरते. ओठ, जीभ, घसा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. धूर सौम्य लागला की माणूस जास्त वेळ ओढतो, हीदेखील काळजीची बाब.

पाइप टेकतो तिथे पांढरा-लाल चट्टा किंवा २ आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. सोडायचे असल्यास राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ विनामूल्य आहे.