गाळणी वर सरकत गेली

हैदराबादच्या हिमायतनगराला सातव्या निजामाच्या थोरल्या मुलाचे नाव आहे. आझम जाह हा त्याचा किताब, मूळ नाव हिमायत अली खान. हिमायतसागर तलावही त्याच्याच नावाचा. या वस्तीतल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. इथे उर्दू हॉल आहे, आणि लागूनच असलेल्या नारायणगुड्यात 1940 साली सुरू झालेली केशव मेमोरियल ही संस्था आहे, न्यायमूर्ती केशवराव कोरटकर या मराठी पुढाऱ्याच्या नावाची. या सगळ्यावर आज पाट्या झळकतात त्या इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजांच्या आणि शिकवणी वर्गांच्या, रँक मिळवलेल्या मुलांच्या फोटोंसकट. उर्दू हॉल, केशव मेमोरियल आणि या पाट्या एकापुढे एक ठेवल्या, की मुलाला वरच्या वर्गात घालायचे की त्याच वर्गात बसवून ठेवायचे, या जुन्या वादाची इथली सारी वाटचाल समोर येते. माझे म्हणणे एवढेच आहे, की हैदराबादेत नापासाची गाळणी कोणीच काढली नाही. ती खालच्या वर्गातून उचलून वरच्या वर्गात बसवली, आणि गळणाऱ्या मुलाचा खर्च दरवेळी थोडा थोडा सरकारच्या खात्यातून घरच्या खात्यात गेला.

निजामाच्या राज्यात ही गाळणी भाषेची होती. राज्यातली निम्म्याच्या आसपास वस्ती तेलुगू बोलणारी, साधारण पाव मराठी, त्याखालोखाल कानडी. उर्दू घरात बोलणारे आठ-दहा माणसांत एखादे. पण दप्तराची, कोर्टाची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. नांदेड-परभणीकडचे पोर सुरुवातीचे धडे मराठीत गिरवी आणि पुढच्या जमातींत उर्दूला येऊन अडकायचे. (इयत्तेला जमात म्हणणारी माणसे मराठवाड्यात कालपरवापर्यंत होती, ‘मिडल पास’ हीही त्याच काळची पदवी.) 1917 च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला आणि 1919 मध्ये वर्ग सुरू झाले. विज्ञान, कायदा, वैद्यक हे सारे भारतीय भाषेतून शिकवता येते हे या विद्यापीठाने इतरांच्या फार आधी करून दाखवले, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. फक्त ती भारतीय भाषा राज्यातल्या बहुसंख्य मुलांची नव्हती. गणितात अडलेला मुलगा खरोखर गणितात अडला की गणिताच्या प्रश्नाच्या भाषेत, हे तपासण्याची सोय निकालपत्रकात नसते. तिथे ‘नापास’ हा एकच शब्द असतो. 1907 मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी राहिली, पुढे केशव मेमोरियल आली. या संस्थांकडे आपण बहुधा अस्मितेच्या चष्म्यातून पाहतो. मला त्यांत एक रोकडा व्यवहारही दिसतो: सरकारी गाळणीतून जी मुले गळत होती त्यांच्यासाठी समाजाने पदरमोड करून घातलेला तो बांध होता.

ब्रिटिश मुलखात भाषेचा अडसर कमी होता, म्हणून तिथे मुले सरसर वर चढत होती असे मात्र नव्हे. 1929 च्या हारटॉग समितीने मोजणी केली. 1922-23 मध्ये पहिलीत असलेल्या दर 100 मुलांमागे 1925-26 मध्ये चौथीत 18 मुले उरली होती. काही शाळा सोडून गेली, काही त्याच वर्गात रुतून बसली. समितीने या दोन प्रकारांना जी नावे दिली, त्यांचीच मराठी रूपे ‘गळती’ आणि ‘स्थगन’ ही आपल्या बी.एड.च्या पुस्तकांत अजून नांदतात. हे आकडे आजच्या वादात कोणी आणत नाही, आणि तेच आणण्यासारखे आहेत. कारण तो काळ परीक्षेच्या कडक शिस्तीचा होता. मुलाला बिनदिक्कत त्याच वर्गात ठेवले जाई, मास्तरांच्या हातात छडी होती, तपासनीस येऊन परीक्षा घेत. मुंबई इलाख्यात एके काळी शाळांचे अनुदानच या परीक्षेच्या निकालावर ठरे. नापास करण्याच्या धाकाने मुले शिकत असती, तर 100 तली 82 वाटेत राहिली नसती. स्वातंत्र्यानंतर धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली. 1955 मध्ये गोखले इन्स्टिट्यूटने ती छापली. गळतीचा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी हाती घ्यावा, यातच एक निदान दडलेले आहे. मूल एका वर्गात दोन वर्षे बसते तेव्हा बाकाची, मास्तरांच्या पगाराची आणि घरातल्या एका कमावू शकणाऱ्या हाताची किंमत दुप्पट होते, आणि गरीब घर हा हिशेब फार लवकर करते. पोरगे गुरांमागे जाते.

आजऱ्याकडच्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक हे 1964-66 च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. आयोगाने सुचवले, की पहिली आणि दुसरी हा एकच सलग टप्पा मानावा, मध्ये कोणाला अडवू नये. जमेल तिथे हा टप्पा चौथीपर्यंत न्यावा. सगळ्यात जास्त मुले पहिलीतच रुततात, म्हणून हा उपाय. पण आयोगाच्या कल्पनेत अडवू नये याचा जोडीदार ‘वेगवेगळ्या गतीने शिकवावे’ हा होता. पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ माझ्या मते इथे आहे: सरकारांना पहिला अर्धा भाग परवडला, दुसरा परवडला नाही.

आंध्र प्रदेशाने हा पहिला अर्धा भाग फार लवकर उचलला. 1971 च्या सुमारास तिथे शाळेत मुलांना न अडवण्याचे धोरण आले. गाळणी उरली ती सातवीच्या आणि दहावीच्या सामायिक परीक्षेत. हा काळ पी. व्ही. नरसिंह राव यांचा, आधी शिक्षणमंत्री म्हणून आणि सप्टेंबर 1971 पासून मुख्यमंत्री म्हणून. मराठी वाचकाला ते परके नाहीत. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यांनीच तेलुगूत नेली. 1938 च्या वंदे मातरम् आंदोलनात उस्मानियाच्या कक्षेतून ज्या विद्यार्थ्यांना काढून टाकले, त्यांत ते होते, आणि नागपूर विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांना दार उघडले म्हणून त्यांचे शिक्षण पुढे गेले. एका फटक्यात शिक्षण थांबणे म्हणजे काय याचा अनुभव असलेल्या माणसाच्या राजवटीत न अडवण्याचे धोरण यावे, याचा फार मोठा अर्थ लावण्याची गरज नाही. योगायोग म्हणून तो नोंदवून ठेवावा. महत्त्वाचे हे, की देशाने 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने जे केले, त्याचा प्रयोग हैदराबादेत जवळजवळ चाळीस वर्षे आधी सुरू झाला होता. सातवीची सामायिक परीक्षाही पुढे गेली. उरली दहावी, आणि तिच्या पलीकडे इंटर.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो दुबळा नाही. मुलांना ढकलपास करत नेले म्हणून शिकणे ढासळले, असे शिक्षक म्हणतात, पालकही म्हणतात. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणारी ‘असर’ची 2022 ची पाहणी सांगते, की ग्रामीण भारतात पाचवीतल्या 42.8 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा लाजिरवाणा आहे, आणि त्याला एकट्या करोनाची ढाल पुरत नाही. 2018 मध्येही तो निम्म्याच्याच घरात होता. पण हा आकडा हारटॉगच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. तेव्हा चौथीत न वाचता येणारी मुले दिसत नव्हती, कारण ती चौथीत पोचतच नव्हती. आज ती वर्गात बसलेली आहेत म्हणून मोजता येतात. न शिकवलेले मूल पूर्वी शाळेबाहेर लपत होते, आता शाळेत दिसते. शिकवण्याचे काम दोन्ही काळांत अपुरेच राहिले. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. परीक्षा हवी म्हणणाऱ्यांत गरीब आईबापच पुष्कळ असतात. स्वतः न शिकलेल्या बापाला पोराचे शिकणे कसे चालले आहे हे कळायला पास-नापास याखेरीज दुसरी खूण नसते, आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी त्याच्यासाठी नुसता काळा मजकूर. त्या नोंदी लिहिता लिहिता मास्तरांचाच शिकवण्याचा वेळ गेला, हेही खरे. तेव्हा मोजमाप हवेच. प्रश्न मोजल्यावर काय करायचे हा आहे. तलाठ्याने पिकाची पैसेवारी काढली आणि ती पन्नास पैशांच्या आत आली, तर गावाला सवलत मिळते. दर्जा कमी लागला म्हणून कोणी शेतकऱ्याला पुढच्या हंगामाला मुकायला लावत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र पैसेवारी कमी आली की दंड त्यालाच.

आता इंटर. खालची गाळणी काढली, वरचे शिकवणे वाढवले नाही, तेव्हा दहावीनंतरच्या दोन वर्षांवर सगळा भार आला, आणि इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशपरीक्षांनी तो कित्येक पटींनी वाढवला. शाळेने जे शिकवायचे राहून गेले होते ते दोन वर्षांत भरून देण्याचा धंदा हैदराबादेत इतका फोफावला, की देशात त्याची उदाहरणे दिली जातात. नल्लाकुंट्यातल्या चुक्का रामय्यांच्या आय.आय.टी.च्या शिकवणीत शिरण्यासाठीसुद्धा प्रवेशपरीक्षा असे. गाळणीत जाण्याआधीची गाळणी. हिमायतनगर-नारायणगुड्याच्या पाट्या याच झाडाच्या फांद्या आहेत. सातवीतून काढलेली गाळणी नाहीशी झाली होती कुठे, ती या पाट्यांवर फीच्या दरासह टांगलेली आहे. एप्रिल 2019 मध्ये इंटरचे निकाल लागले, नऊ लाखांहून अधिक मुलांतली तीन लाखांवर नापास ठरली, गुण भरण्यात चुका झाल्याचे उघड झाले आणि काही दिवसांत वीसच्या आसपास मुलांनी जीव दिला. फेरतपासणीत अकराशेहून जास्त मुले पास निघाली.

पण सगळ्यात बोलकी गोष्ट त्यानंतरच्या एका तुकडीची. जून 2020 मध्ये तेलंगणाने दहावीची परीक्षा रद्द केली आणि सुमारे 5.34 लाख मुलांना अंतर्गत गुणांवर पास केले. हीच मुले इंटरच्या पहिल्या वर्षात गेली. कॉलेजे बंद, शिकवणे फोनवर. 2021 मध्ये परीक्षा न घेताच त्यांना दुसऱ्या वर्षात चढवले, आणि मग, दुसऱ्या वर्षात बसलेल्या या मुलांची पहिल्या वर्षाची परीक्षा ऑक्टोबरअखेर सुरू केली. डिसेंबरात निकाल लागला: 4.59 लाखांपैकी 49 टक्के पास. पुन्हा मृत्यू, पुन्हा मोर्चे, आणि 24 डिसेंबरला सरकारने उरलेल्या सगळ्यांना किमान 35 गुण देऊन पास जाहीर केले. दीड वर्षात त्याच मुलांना दोनदा चढवले, एकदा पाडले, मग पुन्हा चढवले. यातून ‘बघा, परीक्षा नसली की असे होते’ असा धडा काढणारे आहेत. मला वेगळेच दिसते. या चारही निर्णयांत शिकवण्याचा एकही जादा तास नव्हता. पास करणे आणि नापास करणे हे एकमेकांच्या विरुद्ध उपाय आहेत असे आपण धरून चालतो. इथे दोन्ही एकाच कामाला आले, निकालाची तारीख निभावून न्यायला.

2015-16 मध्ये केंद्राने राज्यांना विचारले तेव्हा 28 पैकी 23 राज्यांनी न अडवण्याच्या धोरणात बदल मागितला. ते ठेवा म्हणणाऱ्या मोजक्या राज्यांत तेलंगणा आणि महाराष्ट्र दोघे होते. शिक्षण हक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने मत बदलले, 2023 मध्ये नियम केला. तेलंगणाने तसा केलेला नाही. आता हिमायतनगर नावाचे एक गाव नांदेड जिल्ह्यातही आहे, जुने वाढोणा. 1956 पर्यंत दोन्ही हिमायतनगरे एकाच राज्यात होती. आज नांदेडच्या हिमायतनगरातले मूल पाचवीत अडू शकते. अडलेच, तर फेरपरीक्षेआधीच्या दोन महिन्यांत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, त्याला जादा मार्गदर्शन मिळेल असे नियम म्हणतो. ते कोण देणार, हे त्या त्या शाळेवर. हैदराबादच्या हिमायतनगरातले मूल दहावीपर्यंत अडणार नाही. त्यानंतर एकाचे आईबाप लातूर किंवा नांदेडच्या क्लासची चौकशी करतील, दुसऱ्याचे आपल्याच गल्लीतल्या, आणि दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न फीच्या हप्त्यांचा असेल.