मिसेस प्राउडी

कादंबरीतलं कोणतं पात्र जगवायचं आणि कोणतं मारायचं, हे लेखकानं ठरवायचं असतं. पण एका बाईचा मृत्यू दोन पाद्र्यांच्या गप्पांतून ओढवला, त्याची ही हकीकत.

अँथनी ट्रॉलप हा इंग्लंडच्या टपालखात्यातला अधिकारी. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. समोर घड्याळ आणि पाव तासात २५० शब्द, असा हिशेब! बार्सेटशायर या काल्पनिक परगण्यावर त्यानं सहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिली १८५५ ची, शेवटची १८६७ ची. दुसरीत मिसेस प्राउडी आली. बिशपची बायको. गादी नवऱ्याची, हुकूम हिचा. पुढेही ती पुनःपुन्हा येत राहिली.

शेवटची कादंबरी चालू असताना ट्रॉलप एका सकाळी लंडनच्या अथीनियम क्लबात लिहीत बसला होता. तिथं दोन पाद्री हातात मासिकं घेऊन त्याच्याच लिखाणाला नावं ठेवत होते. तीच तीच पात्रं किती दिवस वाचायची? मग गाडी मिसेस प्राउडीवर घसरली. ट्रॉलपला राहवेना. उठून त्यानं सांगितलं, की तो अपराधी मीच, आठवड्याच्या आत घरी जाऊन तिला संपवतो. पाद्री ओशाळले. आमचं बोलणं विसरून जा, असं एकानं विनवलंही. पण यानं शब्द पाळला.

ती पलंगाचा खांब धरून उभ्या उभ्या जाते. आयुष्यभर तिच्या धाकात राहिलेला बिशप हात जोडतो. मागतो काय, तर बायको गेल्याचा मला आनंद होऊ देऊ नकोस!

ट्रॉलप १८८२ मध्ये वारला. पुढच्या वर्षी आत्मचरित्र निघालं, त्यात त्यानं आपली हळहळ कबूल केली आहे. तिला मारलं खरं, पण तिचं भूत अजून सोबतीला असतं, असं तो सांगतो.

हे वाचताना मला माझा वर्ग आठवला. दरवर्षी सातवीला मी आजोळच्या विहिरीची एक गोष्ट सांगत असे. एकदा दाराबाहेर कानावर आलं, "सर आता परत ती विहीर काढणार!" त्या दिवसापासून विहीर बंद. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी एक माजी विद्यार्थी मुलाला घेऊन घरी आला. म्हणाला, "सर, याला ती विहिरीची गोष्ट सांगा ना."

सांगायला बसलो, तर मधला भाग आठवेना.

कंटाळा आला म्हणणारे दाराबाहेर ऐकू येतात. ज्यांना हवं असतं, ते बिचारे गप्प बसून ऐकत असतात.