सहा तारांचा बेस : एक नाव, दोन वाद्यं

आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, आणि हे गिटारचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून आधी माझी एक चूक सांगतो, कारण आजचं व्याख्यान त्या चुकीतूनच निघालं आहे.

माझी नात गिटार वाजवते. कॉलेजातल्या चौघांचा गट आहे. तिला खालच्या सप्तकात सुरावट वाजवायची होती. मला म्हणाली, "आजोबा, मला सहा तारांचा बेस हवाय." मी पेन्शनमधले पैसे काढले, दुकानात गेलो आणि म्हटलं, "सहा तारांचा बेस द्या." दुकानदाराने दिला. त्याने फसवलं नाही, मी जे नाव घेतलं तेच त्याने दिलं. घरी नातीने वाद्य मांडीवर घेतलं, दांडीवर हात पसरला, तर बोटं पुरेनात. गिटारवर येणारी एकही पकड तिथे लागू पडेना. सहा महिने ते कपाटामागे पिशवीत उभं होतं. विचारलं की म्हणायची, "माझेच हात लहान आहेत, आजोबा."

हे वाक्य मला लागलं. चूक माझ्या शब्दाची होती, आणि दोष ती स्वतःच्या हातांना देत होती.

आपल्या नैयायिकांनी व्याख्येचे दोष सांगून ठेवलेत. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी, असं म्हटलं की म्हैसही त्यात येते. ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबडी, म्हटलं की पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. 'सहा तारांचा बेस' या नावात अतिव्याप्ती ठासून भरली आहे. ती तिथे कशी आली, हा इतिहास आहे.

सुरुवात तारेपासून करू. तार खाली बोलवायची तर तीन उपाय असतात : ती लांब करा, सैल करा किंवा जाड करा. तंबोरा आठवा. पुरुषांचा तंबोरा मोठा, बायकांचा त्याहून लहान. तेच तत्त्व इथे आहे. घोडीपासून वरच्या टोकाच्या नटपर्यंत तारेची जी लांबी, तिला स्केल म्हणतात. फेंडरच्या नेहमीच्या गिटारचं स्केल साडेपंचवीस इंच. तिची सर्वांत खालची तार 'ई' या सुराची, सेकंदाला सुमारे ८२ कंपनं. बेसला त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, म्हणजे ४१ कंपनांवर जायचं असतं. नुसती लांबी वाढवून तिथे जायचं ठरवलं तर ५१ इंच तार लागेल. एवढी दांडी घेऊन उभं कोण राहणार? म्हणून थोडी लांबी वाढवायची आणि बरीच जाडी वाढवायची, अशी तडजोड करावी लागते. पुढचा सगळा इतिहास या तडजोडीचा आहे.

१९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. चार तारा, ३४ इंच स्केल. उभ्या अजस्र डबल बेसची जागा घेणारं हे वाद्य. ते इतकं रुजलं की ३४ इंच हेच 'खरं' माप ठरलं, आणि त्याहून आखूड ते सगळं 'शॉर्ट स्केल', म्हणजे जणू काही कमी पडलेलं. हा मापाचा निर्णय होता, निसर्गाचा नियम नव्हता. पण निर्णय जुना झाला की तो नियमासारखा दिसायला लागतो.

१९५६ साली अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीत, नेथन डॅनियल यांच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने वेगळा विचार केला. हे गृहस्थ स्वस्त वाद्यं बनवण्यात वाकबगार. सिअर्सच्या दुकानांतून 'सिल्व्हरटोन' नावाने विकली जाणारी त्यांची गिटारं हार्डबोर्डच्या पत्र्यांची असत आणि त्यांचे पिकअप लिपस्टिकच्या नळ्यांमध्ये बसवलेले असत. त्यांनी गिटारच्याच सहा तारा, त्याच क्रमाने, एक सप्तक खाली लावल्या. स्केल साधारण साडेएकोणतीस इंच. चार तारांच्या बेसमध्ये दोन जास्तीच्या जोडल्या असं झालं नाही. गिटारच खर्जात उतरवली गेली. हा फरक कृपया लक्षात ठेवा.

१९६१ मध्ये फेंडरनेही 'बेस सिक्स' काढला. ३० इंच स्केल, तीन पिकअप, वर सूर हलवायची दांडी. तारांमधलं अंतर गिटारइतकंच अरुंद. १९६३ च्या सुमारास त्यात खालचा आवाज कापणारा एक खटका आला. बेसमध्ये बेस कापणारं बटण! पण त्यातूनच कळतं की बनवणाऱ्यांनाही हे वाद्य नेमकं काय आहे ते उलगडत होतं. १९७५ साली त्याचं उत्पादन थांबलं.

मग ते फसलं का? वादकांकडे बघू. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत हॅरॉल्ड ब्रॅडली यांच्यासारखे वादक उभ्या डबल बेसच्या सोबतीला, तेच सूर सहा तारांच्या बेसवर हाताने दाबून पिकने वाजवायचे. उभा बेस घुमायचा, याचा 'टिक टिक' असा काठ त्या घुमाऱ्याला लागायचा. म्हणून त्याला 'टिक-टॅक बेस' म्हणू लागले. पॅट्सी क्लाइनच्या १९६१ च्या 'क्रेझी' या गाण्यात ही जोडी आहे. १९६८ च्या 'विचिता लाइनमन' मध्ये ग्लेन कॅम्पबेलने मधली सुरावट डॅनइलेक्ट्रोवर वाजवली. पुढे 'द क्युअर' च्या रॉबर्ट स्मिथने बेस सिक्सवर अशाच खोल, ओढाळ सुरावटी उभ्या केल्या.

आता उलटं उदाहरण. जानेवारी १९६९. बीटल्स 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' ध्वनिमुद्रित करत होते. नेहमीचा बेसवादक पॉल मॅकार्टनी पियानोवर, म्हणून जॉन लेननने बेस सिक्स हातात घेतला. घेऊ शकला, कारण पकडी गिटारच्याच. पण त्या ध्वनिमुद्रणातले बेसचे चुकलेले सूर रसिक आजही दाखवतात. बोटांना रस्ता माहीत असतो, म्हणून कानालाही तो माहीत असतो असं नाही. जिथे या वाद्याला दुसऱ्याच्या जागेवर बसवलं तिथे ते अवघडलं. जिथे त्याला स्वतःचं काम मिळालं तिथे त्याच्यासारखं दुसरं कोणी नव्हतं.

आणि मी विकत आणलेलं वाद्य? ते दुसऱ्या घराण्याचं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अँथनी जॅक्सन या बेसवादकाने न्यूयॉर्कचे कारागीर कार्ल थॉम्प्सन यांच्याकडून सहा तारांचा बेस करून घेतला. चार तारांच्या बेसला खाली 'बी' आणि वर 'सी' जोडली. खालची तार सेकंदाला सुमारे ३१ कंपनांची. दांडी रुंद. पुढे तर त्यांनी ३६ इंचांचं स्केल स्वीकारलं. हा बेसचा विस्तार. तारा सहाच, नाव तेच, कूळ वेगळं.

तेव्हा निवडताना पहिला प्रश्न 'किती तारा?' हा नाही. 'कशासाठी?' हा आहे. गटाचा पाया धरायचा असेल, बोटांनी वाजवायचं असेल, तर चार तारांचा बेस किंवा जॅक्सन यांच्या कुळातलं वाद्य घ्या. गिटारच्या पकडी खर्जात न्यायच्या असतील, पिकने सुरावट वाजवायची असेल, तर ३० इंची. केवळ स्केल बघूनही भागत नाही बरं का. जवळजवळ तेवढ्याच लांबीची बॅरिटोन गिटार मिळते. ती पूर्ण सप्तक खाली जात नाही, बहुधा 'बी'पर्यंत थांबते. तारा कोणत्या सुरांत लावल्यात ते दुकानात विचाराच.

मग खालची तार तपासा. तीच तार, तोच सूर, पण ३४ ऐवजी ३० इंच, म्हणजे ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी. ढिली वाटली तर जाड संच लावता येतो. पण आखूड आणि जाड तार ताठ होते, आणि दांडीवर वर गेलं की सूर चढा लागतो. त्यासाठी घोडीवरचा तारेचा आधार मागे सरकवावा लागतो. जुन्या बेस सिक्समध्ये नेमकी तिथेच जागा अपुरी पडते, अशी तक्रार असते. म्हणून बाराव्या पडद्यावर तार दाबून ट्यूनरवर सूर बघा, आणि तो आधार मागे सरकायला अजून वाव आहे का तेही बघा. या वाद्याचा तारांचा संच वेगळा असतो, तो कुठून मिळणार ते आधीच विचारून ठेवा. आणि बेसच्या अँप्लिफायरवर वाजवून बघा, गिटारच्या छोट्या अँपवर तळाचा आवाज विरतो.

आम्ही ते मोठं वाद्य विकलं, थोडा तोटा सोसला. दुसऱ्या खेपेला मी एकटा गेलो नाही, नातीला घेऊन गेलो. तिने ३० इंची घेतलं. त्याचीही खालची तार तिला सैल वाटली, संच बदलला. गटात चार तारांचा बेस दुसरा मुलगा वाजवतो, ही त्याच्या वर, गिटारच्या खाली, मधल्या पट्ट्यात सुरावट धरते. तेच हात आहेत, एका सुतानेही वाढलेले नाहीत.

मापात न बसणारा माणूस दिसला की आपण माणसाला तपासतो. कधीकधी मापाला तपासावं, ते कोणी, कधी आणि कशासाठी ठरवलं ते विचारावं. इतिहास वाचायचा तो यासाठी.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.