मर्यादा कोणाची?

स्त्रीपुरुष एकत्र काम करूं लागले म्हणजे मर्यादेचा प्रश्न निघतो, आणि त्याचें उत्तर आपला समाज बहुधा स्त्रीकडूनच मागतो. शास्त्रज्ञांची मंडळी तरी यास अपवाद असतील अशी आमची समजूत होती. इतिहास पाहतां ती टिकत नाहीं.

१९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होऊन कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागूं लागल्या. वडील व चुलते जेथें शिकले तेथें त्यांस केवळ स्त्री म्हणून नकार मिळाला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. कमलाबाईंनीं सत्याग्रह मांडला, तेव्हां अटी घालून प्रवेश देण्यांत आला : पहिलें वर्ष उमेदवारीचें; मार्गदर्शक सांगतील तर रात्रींही काम; आणि आपल्यामुळें प्रयोगशाळेंतील पुरुषांचें चित्त विचलित होऊं द्यावयाचें नाहीं.

ही तिसरी अट वाचकांनीं नीट पाहावी. मन चळणार दुसऱ्याचें, आणि जामीन राहावयाचें हिनें! ज्याच्या हातीं सत्ता त्याजवर मर्यादेचा पहिला भार, हा न्याय येथें उलटा झाला. कमलाबाईंनीं श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें. वर्षअखेर रामन यांची खात्री पटली आणि संस्थेचें दार स्त्रियांस उघडलें.

तथापि संशय गेला नव्हता. १९४० पासून अण्णा मणि रामन यांच्याच प्रयोगशाळेंत हिऱ्यामाणकांच्या प्रकाशगुणांचा अभ्यास करीत होत्या. तेथें स्त्रीपुरुषांनीं आपसांत बोललेलें रामन यांस खपत नसे. सलगीच्या भीतीनें शास्त्रीय चर्चाही बंद पडली. आणि चर्चेवांचून का शास्त्र वाढतें? इकडे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथें रॉबिन हिल यांच्यासारख्यांच्या सहवासांत वनस्पतींतील सायटोक्रोम ‘सी’चा शोध लावून १९३९ सालीं त्यांनीं पीएच्. डी. मिळविली.

रामन यांची शास्त्रांतील थोरवी यानें उणी होत नाहीं. पण छचोर थट्टा करणारा आणि बोलणेंच बंद करणारा, दोघेही समोरच्या बाईंत सहकारी पाहत नाहींत, हें आम्हांस स्पष्ट दिसतें. ज्यांच्या मुली आज प्रयोगशाळेंत जातात त्यांनीं मुलीस नीट वागण्याचा उपदेश अवश्य करावा. परंतु तेथील वरिष्ठ कसे वागतात, याचीही चौकशी आधीं करावी.